उभ्या गाडीचा इन्शुरन्स भरावा का? बाबांच्या वॅगनआरचा रिव्ह्यू

आधी उत्तर सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. गाडी चालवत नसाल तरी थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, बंद करू नका, कोणी काहीही सांगू दे. आणि त्याच्यावरचा जो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग असतो, ज्याला आपण सगळे फुल इन्शुरन्स म्हणतो, तो ठेवायचा की काढायचा हे गाडी किती चालते यावरून ठरवू नका, ती उभी कुठे आहे ते बघून ठरवा. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण यावर मराठीत नीट माहिती मिळता मिळत नाही, एजंटला विचारलं तर तो सगळ्यात महाग पॉलिसी सांगतो आणि नातेवाईकांना विचारलं तर म्हणतात उभ्या गाडीला कशाला हवाय इन्शुरन्स, उगाच पैसे.

गाडी बाबांची, २०१४ ची वॅगनआर, एक हजार सीसीच्या आतली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांनी गाडी सोडली. दादा कॅनडात, माझ्याकडे माझी वेगळी गाडी, त्यामुळे ती पुण्यात सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये गुलमोहराखाली कव्हर घालून उभी असते. विकायचा विषय काढला की बाबा म्हणतात राहू दे गं, आणि मला ते समजतं, त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली ती पहिली नवीन गाडी आहे. तर दरवर्षी रिन्यूअलचा मेसेज आला की घरात तीच चर्चा. या काळात मी साधी पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र, वापरली, एक वर्ष किलोमीटरवाली वापरून बघितली, नुसत्या थर्ड पार्टीचे कोटेशन काढले, आणि एक क्लेमही झाला. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण मला वाटतं कंपनीपेक्षा पॉलिसीचा प्रकार निवडण्यातच खरी गंमत आहे.

थर्ड पार्टीबद्दल आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची किंवा दुसऱ्याला वापरू द्यायची तर थर्ड पार्टी विमा पाहिजेच. यातला वापर हा शब्द धरून लोक म्हणतात की आम्ही वापरतच नाही तर कायदा लागू कसा. कागदावर ते बरोबर वाटतं, पण सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच एका केसमध्ये सांगून ठेवलंय की गाडी हलत नसेल, उभी असेल, अगदी बिघडून पडलेली असेल तरी तो वापर होऊ शकतो. केस पुणे-बंगळूर हायवेवरची होती, पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याच्या कडेला आडवा पडला, पेट्रोल गळत राहिलं आणि काही तासांनी स्फोट झाला, माणसं गेली. टँकर तेव्हा जागचा हलत नव्हता तरी नुकसानभरपाई लागू झाली. आता आपली वॅगनआर म्हणजे पेट्रोलचा टँकर नाही हे मला कळतं, पण तुमच्या उभ्या गाडीला शॉर्टसर्किटने आग लागली आणि शेजारी उभं असलेलं कोणी भाजलं तर प्रश्न तुमच्याकडेच येणार ना. आणि सोसायटीचं पार्किंग सार्वजनिक ठिकाण नाही असंही ठाम धरून बसू नका, कारण कुरियरवाले, डिलिव्हरीवाले, पाहुणे सगळे तिथूनच येजा करतात आणि कोर्टांनी या शब्दाचा अर्थ बराच मोकळेपणाने लावलेला आहे.

पण खरं कारण कायद्याच्या शब्दात नाहीच. खरं कारण हे की उभी गाडी कायम उभी राहतच नाही. बॅटरी उतरू नये म्हणून कोणीतरी चक्कर मारतं. सोसायटीत रंगकाम निघतं आणि वॉचमन सांगतो गाडी बाहेर लावा. पीयूसी काढायला पंपावर जावं लागतं. भाचा सुट्टीत येतो आणि म्हणतो मावशी जरा जाऊन येतो कोपऱ्यापर्यंत. त्या एका कोपऱ्यावर कोणाला धक्का लागला तर मोटार अपघात न्यायाधिकरण, म्हणजे एमएसीटी, जी भरपाई ठरवेल ती गाडीच्या मालकाने खिशातून भरायची, आणि आमच्याकडे मालक म्हणजे पेन्शनवर असलेले बाबा. पॉलिसी असली तर मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, कंपनी भरते. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर साडेसात लाखांपर्यंत. विमा नसताना पकडलं तर दंड पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी ४,०००, पण दंडाची मला एवढी भीती वाटत नाही, भरपाईची वाटते.

आणि याला लागतात किती पैसे? थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा दर एकच, त्यामुळे इथे घासाघीस करत बसू नका. जून २०२२ मध्ये लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आमच्या वॅगनआरला जीएसटी धरून २,४७१. महिन्याचे दोनशे सहा रुपये पडले. एवढ्यासाठी बाबांच्या नावावर टांगती तलवार ठेवायला माझं मन धजत नाही.

इथे एक पैसे वाचवायची जागा आहे जी एजंट सांगत नाही. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा जोडलेला असतो आणि वेबसाइटवर त्याची टिक आधीच मारलेली असते. मालकाकडे दुसरी गाडी असेल आणि तिच्यावर हा विमा आधीच असेल, किंवा किमान १५ लाखांची वेगळी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी असेल, तर प्रत्येक गाडीला परत परत घ्यायची गरज नाही, ही सोय जानेवारी २०१९ पासून आहे. आणि मालकाकडे चालू लायसन्सच नसेल तर हे कव्हर लागूच होत नाही. बाबांचं लायसन्स संपलंय आणि त्यांनी रिन्यू केलेलं नाही, मग त्यांच्या नावाने ते कव्हर घेऊन उपयोग काय, क्लेमच मिळणार नाही. टिक काढली की कारण विचारतात, खरं कारण निवडायचं, झालं. ज्यांचे आईवडील गाडी चालवायचे थांबलेत त्यांनी हे नक्की तपासा, माझ्या ओळखीत कितीतरी घरी दरवर्षी हे पैसे गुपचूप जातायत.

आता ओन डॅमेज, जिथे खरा विचार करावा लागतो.

लोकांना वाटतं ओन डॅमेज म्हणजे गाडी ठोकली तर. पण पॉलिसीचा कागद काढून बघा, चालवताना होणारा अपघात हा त्या यादीतला फक्त एक मुद्दा आहे. बाकी सगळं काय आहे तर आग, स्फोट, वीज पडणं, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, कोणी मुद्दाम केलेलं नुकसान, दरड कोसळणं. यातलं एकही तुमची गाडी चालू आहे की बंद हे विचारून येत नाही. २०२१ च्या जूनमध्ये घाटकोपरला एका सोसायटीत पार्क केलेली कार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेली, खाली जुनी विहीर होती आणि वर काँक्रीट टाकून पार्किंग केलेलं. तो व्हिडिओ बघितला असेल तुम्ही. गाडी चालवत कोणीही नव्हतं.

आमच्याकडे गुलमोहर पडला. म्हणजे पूर्ण झाड नाही, एक जाड फांदी, मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात. अर्धी आमच्या बॉनेटवर आणि पुढच्या काचेवर, अर्धी शेजारच्या काकांच्या गाडीवर. काकांनी गाडी चालत नाही म्हणूनच नुसती थर्ड पार्टी ठेवली होती, त्यांना एक रुपया मिळाला नाही, कारण थर्ड पार्टी ही नावाप्रमाणे दुसऱ्याच्या नुकसानीची असते, आपल्या पत्र्याशी तिचा काही संबंध नाही. सोसायटीकडे अर्ज झाला, महापालिकेकडे झाला, त्यातून काही निघालं नाही.

आमचा क्लेम कसा झाला ते जरा नीट सांगते कारण क्लेम मिळाला म्हणजे सगळे पैसे मिळाले असं नसतं. त्याच दिवशी फांदी न हलवता चारही बाजूंनी फोटो काढले, कंपनीच्या नंबरवर कळवलं, दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. माणूस चांगला होता, त्याने काचेवरून बोट फिरवून बारीक चिरा कुठपर्यंत गेल्यात ते बघितलं, कव्हर बाजूला करून छतावरचा पोचा मोजला, आणि एक जुना ओरखडा दाखवून म्हणाला ताई हा यातला नाही, हा मी लिहिणार नाही. ते बरोबरच होतं. मग वर्कशॉपचं बिल आणि त्यातली वजावट. पुढच्या काचेला घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट, लागत नाही, ती पूर्ण धरली. बॉनेट धातूचं, आणि गाडी दहा वर्षांच्या पुढची असली की धातूच्या भागांना ५० टक्के घसारा, म्हणजे बॉनेटचे निम्मे आपल्याच खिशातून. प्लास्टिक आणि रबराच्या सगळ्या भागांना ५० टक्के, मग गाडी कितीही नवी असो. रंगाच्या मटेरियललाही तसंच. आणि शेवटी १,००० रुपये कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच भरायची रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढा असतो, त्याच्या पुढे २,०००. सगळं जाऊन बिलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग मिळाला. कंपनीने पैसे वेळेत दिले पण मधे एक कागद दोनदा मागितला आणि फोनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, बाबांसारख्या माणसाला हे एकट्याने झेपलं नसतं. क्लेम सेवेला पाचपैकी साडेतीन देईन.

क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्य होतो. आमचा ५० टक्के होता तो गेला. तरी तेव्हा क्लेम घेणंच योग्य होतं कारण बिल मोठं होतं, पण नुसती काच फुटली असती तर मी घेतला नसता. आणि या एनसीबीकडे उभ्या गाडीच्या बाबतीत लोक फारच दुर्लक्ष करतात म्हणून जरा लिहिते. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. तुम्ही ओन डॅमेज बंद केलं आणि पॉलिसी संपल्यापासून ९० दिवस उलटले की तो गेला. आता विचार करा, गाडी उभी आहे म्हणजे बहुतेक वर्षा दोन वर्षात विकली जाणार आणि घरात कोणीतरी नवीन घेणार. नवीन गाडीचा ओन डॅमेजचा प्रीमियम १८-२० हजार असेल तर ५० टक्के बोनसने सरळ नऊ-दहा हजार वाचतात. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. फक्त ज्याच्या नावाचा बोनस त्याच्याच नावाने नवीन गाडी घ्यावी लागते. मालक वारला आणि गाडी बायको, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे आली तर बोनस त्यांना मिळतो, हेही कित्येकांना माहीत नसतं, तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार म्हणा, पण कागद करताना विचारा. जिथे ५० टक्के बोनस आहे तिथे जुन्या गाडीचं ओन डॅमेज इतकं स्वस्त पडतं की ते बंद करून वाचवण्यासारखं काही उरतच नाही, आमचं क्लेमच्या आधी हजार-बाराशेच्या घरात होतं, आता बोनस नसताना दोन-सव्वादोन हजार.

आता किलोमीटरवाली पॉलिसी, पे अॅज यू ड्राइव्ह. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना याची परवानगी दिली आणि तेव्हापासून जाहिराती जोरात आहेत, कमी चालवा कमी भरा. ऐकल्यावर वाटतं ही तर आपल्यासाठीच बनलीय, गाडी शून्य किलोमीटर चालते. मी एक वर्ष घेतली आणि माझं मत असं की जुन्या उभ्या गाडीला ती घेऊ नका.

का ते सांगते. एक तर सवलत फक्त ओन डॅमेजवर, थर्ड पार्टीचे २,०९४ जसेच्या तसे. ओन डॅमेज मुळात दोन हजार असेल तर त्यावर वीस टक्के म्हणजे चारशे रुपये. शून्य किलोमीटरचा स्लॅब नसतोच, सगळ्यात खालचा साधारण २,५०० किलोमीटरचा, तेवढी सवलत मिळते आणि बास. आणि त्या चारशेसाठी ओडोमीटरचा फोटो अपलोड करायचा. वॅगनआरचा ओडोमीटर डिजिटल, किल्ली फिरवल्याशिवाय आकडा दिसत नाही, आणि आमची बॅटरी पूर्ण मेलेली. लिंक काही तासच चालणारी, फोनवर सतत रिमाइंडर, आणि मी पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावून घेतेय, बाबा वरून गॅलरीतून सांगतायत लाल आधी लाव गं. आकडा आला तेव्हा फ्लॅशमुळे काचेवर चमक आली म्हणून फोटो रिजेक्ट, परत काढा. बंद गाडीसाठीच्या पॉलिसीत गाडी चालू करून दाखवावी लागते, हे ज्यांनी डिझाइन केलं त्यांनी कधी सहा महिने उभी असलेली गाडी बघितली नसावी असं मला मनापासून वाटतं. साधा तोडगा आहे, आकडा दिसत नसेल तर माणूस पाठवून तपासून घ्या, पण तसा पर्याय मला तरी कोणी दिला नाही.

काही कंपन्यांचे अॅपमधून कव्हर बंद-चालू करायचे प्रकार आहेत, बंद असताना अपघाताचं कव्हर थांबतं आणि आग व चोरीचं चालू राहतं. घेत असाल तर एकच गोष्ट वाचा, बंद असताना पूर, वादळ, झाड पडणं हे चालू राहतं का. आमच्यासारख्या ओपन पार्किंगवाल्यांना आगीपेक्षा तेच महत्त्वाचं. नवीन गाडी आहे, ओन डॅमेज पंधरा-वीस हजार आहे, वर्क फ्रॉम होममुळे शनिवार-रविवारच बाहेर निघते, अशांना मात्र हे सगळे प्रकार खरंच फायद्याचे आहेत, त्यांना मी घ्या म्हणेन. माझ्या मैत्रिणीचं तसंच आहे आणि ती खूश आहे.

आणखी एक जुनी सोय आहे जी वेबसाइटवर कधीच दिसणार नाही. आयएमटी ११ नावाचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, व्हेइकल्स लेड अप. गाडी सलग किमान दोन महिने गॅरेजमध्ये बंद राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवायचं, तेवढ्या काळापुरती बाकी सगळी जबाबदारी थांबते आणि आग, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप एवढंच चालू राहतं. रोख पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या रिन्यूअलला वजा होतात किंवा पॉलिसीची मुदत पुढे सरकते. पण लक्षात घ्या, त्या काळात थर्ड पार्टीसुद्धा थांबलेली असते, म्हणजे गाडी फाटकाबाहेर एक फूटही काढायची नाही. ज्यांचे आईबाबा मुलांकडे अमेरिकेला पाच-सहा महिने जातात आणि गाडी बंगल्याच्या गॅरेजमध्ये कुलपात असते त्यांना हे बरोबर बसतं. मी एका शाखेत जाऊन विचारलं तर तिथल्या मॅडमनी शोधून कागद दाखवला पण म्हणाल्या याला कोणी येतच नाही हो, आणि छोट्या गाडीला वाचतात त्याच्यापेक्षा खेपा जास्त होतील. ओपन पार्किंगला आणि जिथे गाडी कधीही हलवावी लागते तिथे मी हे घेणार नाही. इंग्लंडमध्ये गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवलं की टॅक्स आणि इन्शुरन्स दोन्ही बंद ठेवता येतात, इतकी सुटसुटीत व्यवस्था आपल्याकडे खासगी कारला नाही.

थर्ड पार्टी अधिक आग आणि चोरी असाही मधला प्रकार असतो, शाखेत विचारलं तर देतात. कुलूपबंद गॅरेज, पाणी न शिरणारी जागा, डोक्यावर झाड नाही, तर तो पुरेसा आहे. आमच्या गुलमोहराखाली नाही.

उंदीर. हा विषय कोणी काढत नाही आणि उभ्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. बॉनेटखाली ऊब असते, बाजूला कचऱ्याचे डबे असतात, वायरिंग कुरतडून ठेवतात. पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो आणि उंदरांनी केलेलं नुकसान काही कंपन्या बाहेरून झालेलं अपघाती नुकसान धरतात, काही खळखळ करतात, तेव्हा घेण्याआधी ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या होकाराला अर्थ नाही. आमच्या मेकॅनिकने वायरिंगवर टेप गुंडाळून दिली आणि दर पंधरवड्याला बॉनेट उघडून बघायला सांगितलं, त्यानंतर त्रास नाही.

रोडसाइड असिस्टन्सचं अॅड-ऑन, म्हणजे वरचे पैसे भरून घ्यायचं जादा कव्हर, मात्र मी आवर्जून घ्या म्हणते. चारपाचशेच्या आत असतं आणि यात बॅटरी जम्पस्टार्ट घरी येऊन करून देतात, उभ्या गाडीला लागतं तेच. किती वेळा मिळणार ते तेवढं बघा. झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारं अॅड-ऑन, जुन्या गाडीला बहुतेक देतच नाहीत, दिलं तरी नको. व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधले पहिले अमुक पैसे मी भरीन असं आधीच कबूल करायचं, ५,००० किंवा ७,५००, त्यावर प्रीमियममध्ये सूट मिळते. उभ्या गाडीला किरकोळ क्लेम आपण करणारच नाही, आपल्याला चोरी, पूर, आग याच्यासाठीच हवाय, मग हे घेण्यात शहाणपण आहे. यावर्षी मी तेच केलं, साधी पॅकेज पॉलिसी, ५,००० चा व्हॉलंटरी डिडक्टिबल, रोडसाइड असिस्टन्स, बाकी सगळ्या टिका काढल्या. थर्ड पार्टी आणि जीएसटी धरून पाच हजारांच्या आत बसलं. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, एक लाख चाळीस हजार आहे. कोणाला हे जास्त वाटेल, मला नाही वाटत. आयडीव्ही जर साठ-सत्तर हजारांवर आली असती आणि गाडी बंद गॅरेजमध्ये असती तर मी ओन डॅमेज सोडून दिलं असतं.

पॉलिसी मधे लॅप्स होऊ दिली आणि परत पॅकेज घ्यायची म्हटली तर इन्स्पेक्शन होतं, गाडीभोवती फिरून व्हिडिओ, चॅसिस नंबर, इंजिन चालू करून दाखवा, म्हणजे परत तीच मेलेली बॅटरी. शिवाय गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर थर्ड पार्टीवर यायची सूट तुम्हाला नाहीच, बँकेला पॅकेजच लागते. आणि आरसीची १५ वर्षं कधी संपतात ते बघा, आमची २०२९ ला संपते, आरसीची मुदत गेलेल्या गाडीचा क्लेम अडकू शकतो.

चोरीबद्दल थोडं. उभी गाडी चोरीला गेली तर कळतंच उशिरा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसात एफआयआर लगेच केली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही, तरी रोज एकदा कोणीतरी गाडीकडे बघायला हवं. दोन्ही किल्ल्या मागतात, दुसरी किल्ली कुठे ठेवलीय ते आजच शोधा. पोलिसांचा तपास संपून कोर्टात ए समरी, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही असा अहवाल, मंजूर झाल्याचा कागद आला की मग पैसे, त्याला महिने जातात.

शेवटी पाणी, कारण हे लिहितेय आणि पावसाळा तोंडावर आलाय. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याच्या गाड्या बुडाल्या. उभ्या गाडीत पाणी गेलं तर पॅकेज पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी ओसरल्यावर कोणी किल्ली फिरवली आणि इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते जॅम झालं तर ते नंतरचं नुकसान म्हणून कंपनी हात वर करते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं अॅड-ऑन लागतं. बेसमेंट पार्किंगवाल्यांनी ते आत्ताच विचारून घ्या, सगळ्या जुन्या गाड्यांना देत नाहीत. आणि अॅड-ऑन असो नसो, घरात सगळ्यांना आणि वॉचमनलाही सांगून ठेवा की बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही, बॅटरीची वायर काढायची, पाण्याची खूण कुठपर्यंत आहे त्याचे फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि टो करूनच वर्कशॉपला न्यायची.